संगणकाशेजारचे खोके

1985 साली कचेरीतल्या टेबलावर जो पर्सनल कॉम्प्युटर दिसायचा, त्याच्या पोटात फार तर 10 किंवा 20 मेगाबाइटची हार्ड डिस्क असे. अनेक संगणकांत तीही नसे. दोन फ्लॉपींवर सगळा कारभार चाले. एका फ्लॉपीत 360 किलोबाइट, म्हणजे एखाद्या मध्यम आकाराच्या पुस्तकाचा मजकूर मावायचा. त्याच सुमारास फिलिप्स कंपनीने 'सीएम 100' नावाचे यंत्र बाजारात आणले. ते संगणकात बसत नव्हते. घरच्या सीडी प्लेअरसारखेच, वरून झाकण उघडून चकती ठेवायचे ते एक स्वतंत्र खोके होते. त्याला स्वतःची वीज लागे, आणि एका जाड केबलने ते संगणकातल्या खास कार्डाला जोडावे लागे. त्यात ठेवायची चकती 12 सेंटिमीटर व्यासाची आणि 1.2 मिलिमीटर जाडीची. तीत सुमारे 550 मेगाबाइट माहिती मावत होती, म्हणजे 1500 फ्लॉपींएवढी. मालकापेक्षा पाहुणा पंचवीस-पन्नासपट श्रीमंत, असा तो प्रकार होता.

हा पाहुणा दाराबाहेर का राहिला, हे आधी समजून घेतले पाहिजे. आयबीएमच्या पहिल्या पीसीचा वीजपुरवठा 63.5 वॅटचा होता आणि पुढच्या एक्सटीचा 130 वॅटचा. त्यातून फ्लॉपी, हार्ड डिस्क आणि कार्डे चालवल्यावर मोटर आणि लेझर असलेल्या आणखी एका यंत्राला फारसे काही उरत नसे. जागेचेही तसेच. पुढच्या बाजूला दोन कप्पे होते, आणि ते दोन्ही भरलेले. सीडीचे यंत्र तर मुळात गाण्यांसाठी घडलेले. सोनी आणि फिलिप्स यांनी ऑडिओ सीडी बाजारात आणली ती 1982 साली. संगणकाची माहिती त्याच चकतीवर कशी लिहायची याचे नियम त्यानंतर ठरले. म्हणून सुरुवातीच्या ड्राइव्हमध्ये संगीताच्या यंत्राचेच अवयव होते, आणि ते अवयव पीसीच्या कप्प्यात मावण्याइतके बारीक व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली. पुढे बऱ्याच बाहेरच्या ड्राइव्हना हेडफोन लावायची जागा असे, तीही याच कुळाची खूण.

आत काय चालायचे ते थोडे जवळून पाहू. चकतीवरची माहिती एकाच अखंड रेषेत लिहिलेली असते आणि ती रेषा चकलीसारखी मधून सुरू होऊन बाहेरच्या कडेकडे वळत जाते. उलगडली तर ती पाच किलोमीटरांहून लांब भरते. दोन वेढ्यांमधले अंतर 1.6 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपट. या रेषेवर सूक्ष्म खळगे असतात. 780 नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त लेझर खालून त्यांच्यावर पडतो आणि परतणाऱ्या प्रकाशाच्या कमी-जास्त होण्यातून शून्य आणि एक वाचले जातात. किरण एकवटणारे भिंग मसुरीपेक्षा थोडेच मोठे असते. ते तारांच्या गुंडाळ्यांवर अधांतरी तरंगते. फिरणारी चकती किंचित डुलली की तेही वर-खाली होते, रेषा सरकली की डावी-उजवीकडे होते. एक-दोन मायक्रॉनची चूक झाली तरी प्रतिमा पुसट होते. हे सगळे सेकंदाला शेकडो वेळा, आणि तेही अशा यंत्रात, जे दुकानदार स्कूटरच्या डिकीत घालून आणायचा.

गाणे आणि मजकूर यांत एक मोठा फरक आहे. गाण्यातला एखादा सूक्ष्म तुकडा वाचता आला नाही, तर आजूबाजूच्या तुकड्यांवरून यंत्र तो अंदाजाने भरून काढते. कानाला कळतही नाही. मजकुरात असा अंदाज चालत नाही. न्यायालयाच्या निवाड्यातला एक 'नाही' गळाला, तर निवाडाच उलटतो. म्हणून संगणकाच्या सीडीवर प्रत्येक 2352 बाइटच्या तुकड्यात खरी माहिती 2048 बाइटच ठेवली गेली. उरलेल्या जागेत तुकड्याचा पत्ता आणि चुका शोधून दुरुस्त करण्यासाठीची आकडेमोड. असे 75 तुकडे सेकंदाला वाचले जायचे, म्हणजे सेकंदाला सुमारे 150 किलोबाइट. पुढे '52 एक्स' असे आकडे ड्राइव्हवर छापून येऊ लागले, त्यातला 'एक' तो हाच वेग. या वेगाने अख्खी चकती वाचायला तासाभराहून थोडा जास्त वेळ लागे, कारण ती तासाभराहून थोड्या जास्त संगीतासाठीच बेतलेली होती.

खरी अडचण वेगापेक्षा शोधाची होती. रेषा सर्वत्र एकाच गतीने भिंगाखालून जावी म्हणून चकती आतल्या भागात मिनिटाला सुमारे 500 फेरे घेते आणि बाहेरच्या कडेला 200. एका जागेवरून दुसरीकडे उडी मारायची, तर भिंग सरकवायचे, चकतीचा वेग बदलायचा, तो स्थिर होईपर्यंत थांबायचे आणि मग पत्ता वाचून आपण नेमके कुठे आलो ते तपासायचे. सुरुवातीच्या ड्राइव्हना याला एक सेकंद, कधी त्याहून जास्त लागे. त्या काळच्या साध्या हार्ड डिस्कलाही सेकंदाचा दहावा भाग पुरत असे. म्हणून चकतीवरचे पुस्तक रचणाऱ्याचे कसब सूचीत असायचे. सूची अशा जागी ठेवायची की दोन-तीन उड्यांत उत्तर हाती यावे.

हे कसब सर्वांत आधी दाखवणाऱ्यांत गॅरी किल्डॉल होते. सीपी/एम ही कार्यप्रणाली लिहिणारे हे अमेरिकन संगणकतज्ज्ञ. त्यांच्या कंपनीने 1985 साली ग्रोलिएर प्रकाशनाचा ज्ञानकोश सीडीवर आणला. कपाटाची एक अख्खी फळी अडवणारे खंड, सुमारे 90 लाख शब्द, आणि त्यांनी चकतीचा लहानसा भागच व्यापला. पण पहिले खरे गिऱ्हाईक घरातले नव्हते, ते ग्रंथालयांतले होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत 'बिब्लिओफाइल' या नावाने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ग्रंथनोंदी सीडीवर विक्रीला आल्या होत्या. एका खेड्यातल्या ग्रंथपालाला देशातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथालयाची तालिका टेबलावर मिळाली. मला यातच या खोक्याचे मोल दिसते. यंत्र म्हणून ते संथ होते, महाग होते, अवजड होते. पण मोठ्या शहरापासून लांब राहणाऱ्या माणसाला त्याने जे दिले, ते त्याआधी कुठल्याही यंत्राने दिले नव्हते.

नागपूरकराला हे वेगळे सांगायला नको. देशाच्या मध्यावर, झिरो माइलच्या दगडाशी वसलेले हे शहर दिल्लीपासून आणि मुंबईपासूनही रात्रभराच्या रेल्वेप्रवासावर. आणि तरीही इथे संशोधनसंस्था किती! 1958 साली सुरू झालेली आणि 1974 पासून 'नीरी' या नावाने ओळखली जाणारी पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, मृदा सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्यूरो, भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय, 1923 सालचे विद्यापीठ, मेडिकल कॉलेज. इथे काम करणाऱ्या माणसाला जगात काय छापून येते आहे, हे कळणे हाच अर्धा संघर्ष असे.

समजा, 1980 च्या आसपास एका संशोधकाला पिण्याच्या पाण्यातला फ्लोराइड कमी करण्यावर काम करायचे आहे. विषय विदर्भाच्या जिव्हाळ्याचा. चंद्रपूर, यवतमाळकडच्या गावांत हे दुखणे जुने आहे, आणि तुरटी-चुना वापरून फ्लोराइड काढण्याची 'नलगोंडा पद्धत' नीरीनेच विकसित केलेली. हा संशोधक आधी ग्रंथालयात सारसंग्रहाचे जाडजूड खंड काढी. विषयसूचीत फ्लोराइड पाही, क्रमांक टिपून घेई, मग दुसऱ्या खंडात त्या क्रमांकाचा सार शोधी. वर्षामागे वर्ष असे खंड उलटले की पंधरा-वीस उपयोगी लेखांची यादी व्हायची. त्यातली नियतकालिके शहरात नसली, तर मूळ लेखकाला पोस्टकार्ड जायचे: आपल्या लेखाची एक प्रत कृपया पाठवावी. तशी छापील पोस्टकार्डेच संस्थांमध्ये असत. नाहीतर दिल्लीच्या 'इन्सडॉक'ला लिहून छायाप्रत मागवायची. 1952 साली स्थापन झालेल्या या केंद्राचे ते कामच होते, आणि त्याने देशभरच्या संशोधकांची मोठी सेवा केली. पण टपालाला आठवडे लागत.

सीडीने यातला पहिला टप्पा, लेख शोधण्याचा, तासांवरून मिनिटांवर आणला. ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या सिल्व्हरप्लॅटर या कंपनीने वैद्यक, शेती, शिक्षण अशा विषयांचे सारसंग्रह चकत्यांवर द्यायला सुरुवात केली. वैद्यकाचा 'मेडलाइन', शेतीचे 'अ‍ॅग्रिकोला' आणि 'कॅब अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स' ही नावे त्या पिढीच्या ग्रंथपालांच्या तोंडी असत. आता फ्लोराइड हा शब्द टंकायचा, पाणी हा दुसरा शब्द जोडायचा, मग 'दोन्ही असलेले' असे सांगायचे. खोक्यातून घरघर ऐकू यायची, हिरवा दिवा लुकलुकायचा आणि पडद्यावर आकडा उमटायचा: इतके लेख. यादी फ्लॉपीवर घेता यायची किंवा डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापून निघायची. याच काळात अमेरिकेतल्या संगणकाला टेलिफोनच्या तारेने जोडून शोध घेण्याची सोयही होती, पण तिथे मिनिटामिनिटाचे पैसे लागत, तेही परकीय चलनात. आणि आपल्याकडची लाइन मध्येच तुटायची. चकती एकदा आली की कितीही शोधा. नवशिक्या विद्यार्थ्यालाही चुका करत शिकता आले. मीटर पडत असता, तर त्याला कोणी खुर्चीवर बसूच दिले नसते.

या व्यवहारात एक मेख होती. यातल्या बऱ्याच चकत्या विकत मिळत नव्हत्या, वर्गणीने मिळायच्या. दर तिमाहीला नवी चकती यायची आणि जुनी परत पाठवायची. वर्गणी थांबली की पुष्कळ वेळा चकतीही परत. छापील खंडांवर खर्च केलेला पैसा कपाटात दिसत राहतो. इथे वर्षानुवर्षे पैसे भरून शेवटी ग्रंथालयाकडे काहीच उरले नाही, असे झाले. माहिती विकत घेणे आणि माहिती भाड्याने घेणे यांतला हा फरक आपल्या ग्रंथालयांना या खोक्याने पहिल्यांदा दाखवला. आजच्या ऑनलाइन वर्गण्यांचे मूळ तिथेच आहे, आणि मला तो सौदा तेव्हाही गरीब संस्थांवर अन्याय करणारा वाटत होता, आजही वाटतो.

उलट उदाहरणही आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या मान ग्रंथालयाने 1999 साली 'टील' हा संच काढला. शेतीविषयीच्या शंभराहून अधिक नियतकालिकांचे पूर्ण अंक, शंभराहून अधिक चकत्यांवर, विकसनशील देशांतल्या संस्थांसाठी, मूळ वर्गण्यांच्या मानाने अगदी थोड्या किमतीत. इंटरनेट नसलेल्या ठिकाणी चालावे, हाच त्याचा हेतू. चकती परत मागितली जात नव्हती. तंत्र तेच, देणाऱ्याची नियत वेगळी.

खोके टेबलावर आल्यावर ते चालू करणे हेही एक काम असायचे. बाहेरचे ड्राइव्ह बहुधा 'स्कझी' या जोडणीवर चालत. एका साखळीत सात उपकरणे जोडता यायची. प्रत्येकाला आपला क्रमांक, तो मागच्या छोट्या बटणाने निवडायचा. साखळीच्या शेवटच्या टोकाला टर्मिनेटर नावाचे छोटे बूच लावायचे. दोन उपकरणांचा क्रमांक एकच पडला की दोन्ही बेपत्ता. आधी ड्राइव्ह चालू करायचा, मग संगणक. क्रम चुकला तर संगणकाला ड्राइव्ह दिसतच नसे. अमेरिकेहून आणलेल्या काही खोक्यांच्या मागे 115 आणि 230 व्होल्टची कळ असे. ती न पाहता प्लग लावला, तर उद्घाटनालाच धूर.

शिवाय डॉसला, म्हणजे पीसीच्या तेव्हाच्या कार्यप्रणालीला, समजवावे लागे. त्या काळची डॉस 32 मेगाबाइटपेक्षा मोठी डिस्क ओळखतच नव्हती. 550 मेगाबाइटचे काय करायचे? मायक्रोसॉफ्टने 'एमएससीडीईएक्स' नावाचा छोटा प्रोग्रॅम काढला. तो डॉसला सांगायचा की ही डिस्क नव्हेच, हा दूरचा नेटवर्क ड्राइव्ह आहे. आणि नेटवर्कवर काय आहे याची चौकशी डॉस करत नसे. युक्ती झकास होती. पण हा प्रोग्रॅम आणि ड्राइव्हरची फाइल मिळून 640 किलोबाइटच्या तुटपुंज्या स्मृतीतला मोठा घास घेत, आणि मग दुसरा कुठला तरी प्रोग्रॅम उघडेना. कॉन्फिग फाइलमधली ओळ वर-खाली करत बसणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांनी ते कुठल्या वर्गात शिकलेले नव्हते. एकमेकांना विचारत, कागदावर ओळी उतरवून घेत शिकलेले होते.

चकतीवर फायली कशा मांडायच्या याचेही सुरुवातीला काही ठरलेले नव्हते. प्रत्येक प्रकाशकाची आपली रीत, त्यामुळे एकाची चकती दुसऱ्याच्या प्रोग्रॅमला कळेना. नोव्हेंबर 1985 मध्ये अमेरिकेत लेक टाहो इथल्या 'हाय सिएरा' हॉटेलात या धंद्यातल्या प्रतिस्पर्धी कंपन्यांची माणसे एकत्र बसली आणि एक समान मांडणी ठरवली. थोड्याफार बदलांनी 1988 साली ती 'आयएसओ 9660' हे आंतरराष्ट्रीय मानक झाली. त्या एका समंजस निर्णयामुळे तेव्हाची चकती आजच्या संगणकातही उघडते. त्याच वर्षी अ‍ॅपलने आपला पहिला सीडी ड्राइव्ह आणला, तोही बाहेरचाच आणि बाराशे डॉलरच्या घरातला. त्यात चकती थेट ठेवायची नव्हती. आधी प्लास्टिकच्या पारदर्शक 'कॅडी'त बसवायची आणि ती कॅडी आत सरकवायची. बोटांचे ठसे आणि धूळ यांपासून बचाव.

धुळीचा हा मुद्दा आपल्याकडे फार मोठा. नागपूरचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला ठाऊक आहे: पारा 45 अंशांच्या पुढे, दुपारची झळ, आणि घरोघरी, कचेऱ्यांत कूलर. कूलर हवा थंड करतो, पण ओलसरही करतो, आणि त्या हवेबरोबर बारीक धूळ येते. वरून उघडणाऱ्या ड्राइव्हमध्ये भिंग उघडे पडायचे. त्यावर धुरकट थर बसला की आधी एखादी चकती 'पकडेना', मग दुसरी, मग कुठलीच नाही. कारागीर झाकण काढून कापसाच्या बारीक बोळ्याने भिंग हलकेच पुसायचा आणि ड्राइव्ह पुन्हा चालायचा. लेझरचे मात्र पुसून भागत नाही. उष्णतेने त्याचे आयुष्य खरोखरच घटते. संगणकाच्या खोलीला एसी आणि दाराबाहेर चपला काढायचा नियम, हे त्या काळी थट्टेचा विषय झाले, पण त्या नियमामागे कारण होते.

आता याच शहरातले असे एक काम, ज्याला सीडी अगदी मापात बसली. काँग्रेसनगरातून निघणारे 'ऑल इंडिया रिपोर्टर', वकिलांच्या तोंडी 'ए.आय.आर.'. 1914 पासूनचे देशभरातल्या वरिष्ठ न्यायालयांचे निवाडे या मालिकेत छापलेले आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेवरचे चितळे आणि राव यांचे भाष्यही याच घरचे. देशातल्या कुठल्याही न्यायालयात 'ए.आय.आर. 1973 सुप्रीम कोर्ट 1461' एवढे म्हटले की न्यायाधीशांना, वकिलांना कळते: केशवानंद भारती, 13 न्यायमूर्तींचे पीठ, संविधानाची मूलभूत चौकट. वर्ष, न्यायालय, पान. नागपुरात छापलेला पानाचा आकडा साऱ्या देशाचा पत्ता झाला, ही या शहराची केवढी मोठी गोष्ट आहे, आणि आपण ती किती कमी सांगतो!

पण हे खंड वाढत गेले. सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयात जाणाऱ्या मोठ्या वकिलाकडे भिंती भरून ते असत. तालुक्याच्या न्यायालयात नव्याने सनद घेतलेल्याला ते परवडणे शक्य नव्हते. शिवाय हाती असले तरी हवा तो दाखला शोधायचा कसा? सूची, डायजेस्ट आणि ज्येष्ठांची स्मरणशक्ती. पुढे याच प्रकाशनाने सर्वोच्च न्यायालयाचे आणि इतर निवाडे सीडीवर, मग डीव्हीडीवर आणले. लखनौच्या आणि दिल्लीच्या प्रकाशकांनीही आपापली सॉफ्टवेअर काढली. कलम टंका, पक्षकाराचे नाव टंका, दोन शब्द जवळजवळ आलेले कुठे आहेत ते विचारा. उमरेडचा किंवा गडचिरोलीचा वकील आता तोच दाखला काढू लागला, जो नागपूरच्या बार रूममध्ये ज्येष्ठांकडेच मिळायचा. काहींना याची खंत वाटली, की आता निवाडा कोणी पूर्ण वाचत नाही, शब्द सापडला की पान फाडल्यासारखे तेवढेच न्यायालयापुढे ठेवतात. खंत रास्त आहे. तरीही तालुक्यातल्या वकिलाच्या हाती दाखला पोचणे मला जास्त मोलाचे वाटते, कारण त्या वकिलाच्या मागे उभा असलेला पक्षकार बहुधा गरीब असतो.

चित्रांचा विचार केला तर आकडे आणखी बोलके होतात. दूरसंवेदनाच्या पाच प्रादेशिक केंद्रांपैकी एक नागपुरात आहे. डिसेंबर 1995 मध्ये सोडलेल्या आयआरएस-1सी उपग्रहाचा एक कॅमेरा 141 किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपत असे आणि त्यातला प्रत्येक ठिपका जमिनीवरच्या साडेतेवीस मीटरचा. म्हणजे एका चौकोनी दृश्यात एका रंगपट्ट्याचे सुमारे 6000 गुणिले 6000 ठिपके. तीन पट्टे धरले तर शंभर मेगाबाइटच्या वर. ताडोब्याचे जंगल किंवा काटोलच्या संत्र्याच्या बागा असे एक दृश्य 1.44 मेगाबाइटच्या सत्तरहून अधिक फ्लॉपी मागणारे. आधी अशी माहिती मोठ्या चुंबकी फितींवर यायची आणि ती वाचायला तसेच मोठे यंत्र लागे. सीडी आली तसे हे चित्र साध्या पीसीवर उघडू लागले.

1990 च्या दशकाच्या मध्याला खोके आत गेले. अमेरिकेत 1990-91 मध्ये 'मल्टिमीडिया पीसी' कसा असावा याचे मानक ठरले आणि त्यात सीडी ड्राइव्ह सक्तीचा झाला. हार्ड डिस्कच्याच स्वस्त केबलवर चालणारे ड्राइव्ह निघाले, किमती कोसळल्या. आपल्याकडे नागपुरात सीताबर्डीवरच्या दुकानांत साउंड कार्ड, दोन स्पीकर आणि ड्राइव्ह असा एकत्र डबा मिळू लागला, आणि सीडी ग्रंथालयातून घरात आली. बाहेरचा ड्राइव्ह तेव्हा लॅपटॉपवाल्यांपुरता उरला. मायक्रोसोल्यूशन्स कंपनीचा 'बॅकपॅक' प्रिंटरच्याच पोर्टला जोडला जायचा. सीडी लिहिणारी यंत्रेही आधी बाहेरची आणि फार महाग होती. 1995 मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने हजार डॉलरच्या आतला रायटर आणला आणि काही वर्षांतच कोऱ्या सीडीवर 'राइट करून देतो' अशी पाटी चौकाचौकात दिसू लागली.

सीडीवर आले म्हणजे ते खरे आणि कायमचे, असा एक समज तेव्हा रुजला. दोन्ही अर्थांनी तो चुकीचा ठरला. महात्मा गांधींच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजी 100 खंड भारत सरकारने 1958 ते 1994 या काळात काढले. पुढे त्यांची 'सुधारित' आवृत्ती निघाली आणि 1999 मध्ये सीडीही आली. शब्द टंकला की गांधीजींनी तो कुठे कुठे वापरला ते दिसायचे. वर्ध्या-सेवाग्रामपासून जगभरच्या अभ्यासकांना याचे अप्रूप वाटले. पण संशोधकांनी मूळ छापील खंडांशी ताडून पाहिले तेव्हा नोंदी गळल्याचे आणि क्रम बदलल्याचे उघड झाले. अखेर 2005 मध्ये सरकारने ती सुधारित आवृत्ती मागे घेतली. जुने खंड कपाटांत उभे होते म्हणून चूक सापडली. ज्या ग्रंथालयांनी सीडी आली म्हणून छापील खंड काढून टाकले, त्यांनी हा विचार करावा.

कायमपणाची गोष्ट आणखी गंभीर. कारखान्यात छापलेली सीडी नीट ठेवली तर दीर्घकाळ टिकते. पण घरी किंवा दुकानात 'राइट' केलेल्या सीडीत खळगे नसतातच. रंगद्रव्याच्या थरावर लेझरने उमटवलेले डाग असतात, आणि हे रंगद्रव्य ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी उतरत जाते. लोक चमकत्या बाजूला जपतात आणि छापील बाजूवर बॉलपेनने खुशाल लिहितात. खरे तर चमकत्या बाजूला मिलिमीटरभर जाडीचे प्लास्टिक असते आणि लेझरचा झोत तिथे पसरट असल्याने बारीक ओरखडे त्याला फारसे अडवत नाहीत. छापील बाजूला मात्र माहितीच्या थरावर फक्त वार्निशचा पातळ लेप असतो. तिथला ओरखडा थेट माहितीवर.

मराठी मजकुराच्या बाबतीत तर चकती वाचता येणे पुरेसे नाही. 1990 च्या दशकातला आणि त्यानंतरच्या काही वर्षांतला आपला बहुतेक मजकूर श्रीलिपी, आकृती किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे. युनिकोड तेव्हा वापरात आलेला नव्हता. फाइल उघडते, पण पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. तो फॉन्ट आणि त्याची सांकेतिक मांडणी माहीत असेल तरच त्यातून मराठी परत मिळते. रूपांतर करणारी साधने आहेत, पण ती वापरणारा आणि नंतर जोडाक्षरे तपासणारा माणूस लागतो. विदर्भातल्या कितीतरी स्मरणिका, संस्थांचे इतिहास, बोलींचे शब्दसंग्रह, साहित्य संमेलनांची ध्वनिमुद्रणे आज अशा चकत्यांवर पडून आहेत.

2008 मध्ये अ‍ॅपलने मॅकबुक एअर आणला तेव्हा त्यातून सीडी ड्राइव्ह काढून टाकला आणि बाहेरचा वेगळा विकायला ठेवला. बाकीच्यांनीही तेच केले. आज नव्या लॅपटॉपला कप्पा नसतो, पण यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह दोन हजारांच्या आतबाहेर मिळतो. त्याला ना कार्ड लागते, ना टर्मिनेटर. उद्या तोही बनायचा थांबेल.

म्हणून वाचकांना आणि विशेषतः शाळा, वाचनालये, महाविद्यालये, छोटी प्रकाशने चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. कपाटातल्या चकत्या या उन्हाळ्याआधी बाहेर काढा. आधी घरी किंवा दुकानात लिहिलेल्या, मग छापील. प्रत्येकीची आयएसओ प्रतिमा, म्हणजे अख्ख्या चकतीची एका फाइलीतली हुबेहूब नक्कल, करून दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि त्यातली एक दुसऱ्या इमारतीत ठेवा. एखादी चकती एका ड्राइव्हमध्ये वाचली गेली नाही तर टाकू नका. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा, पुष्कळदा ती वाचली जाते. मजकूर कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते फाइलीजवळच लिहून ठेवा. आणि ज्याचा छापील ग्रंथ तुमच्याकडे आहे, तो सीडी आहे म्हणून रद्दीत देऊ नका.